मंडळाच्या टीमचा मेंदू

फुटबॉलला माझा पाय फारसा कधी लागला नाही. लागला तेव्हा एकतर पायाचं नुकसान झालं, नाहीतर फुटबॉलचं. असं असूनही दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात मला ‘टीमचा मेंदू’ म्हणायचे, आणि मी ते म्हणू दिलं. मी मुळात कमी बोलतो. कमी बोलणाऱ्याचा एक मोठा फायदा असतो. तो गप्प बसला की समोरचे त्या गप्प बसण्यात आपल्या पदरची हुशारी भरतात. अध्यक्ष म्हणायचे, “काय डोकं चालतं हो तुमचं!” की मी चहाच्या कपात बघायचो. यात खोटं काहीच नव्हतं. मी चहा पीत असायचो, इतकंच.

खोटं मी एकदाच बोललो, आणि तेही घरात. ते सांगायचंय म्हणून तर लिहायला बसलो. पण आधी टीम कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर तिला मेंदू का लागला हे कळायचं नाही.

वर्ल्डकप इथं होऊन गेला आणि कतारमधल्या यच्चयावत भारतीय मंडळांना फुटबॉलची हौस आली. केरळवाल्यांच्या टीम आधीपासून होत्या, गोव्याची होती. आमची नव्हती, म्हणून कार्यकारिणीनं ठराव करून काढली. सात-सात जणांचे सामने, हिवाळ्यात, शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या सकाळी, शहराबाहेर वक्र्याकडच्या एका भाड्याच्या मैदानावर. सात जण कुठून आणायचे, यावर मात्र चर्चा झाली नाही. कार्यकारिणी होतीच की.

मैदानावरच्या जागाही पदाप्रमाणे लागल्या. अध्यक्ष सगळ्यात पुढे, कारण अध्यक्ष पुढेच असतात. उपाध्यक्ष त्यांच्या किंचित मागे, स्टेजवर असतात तसे. सचिव मध्यभागी, कारण सगळं त्यांच्याच हातून जातं. खजिनदार गोलात; त्यांच्याकडून आजवर काही सुटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सांस्कृतिक प्रमुख आणि सहसचिव कुठेतरी उजवीकडे. क्रीडाप्रमुखांना मानेचा त्रास होता, त्यामुळे ते राखीव. मी प्रसिद्धीप्रमुख, म्हणून कडेला उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढायचो.

सातवी जागा उरली, ती एका कोल्हापूरकराला मिळाली. हा एका साइटवर सेफ्टी ऑफिसर, बायको-मुलं गावाकडे, स्वतः दोह्यातल्या नजम्यात चौघांच्या खोलीत राहायचा. आमच्यातल्या फक्त त्यानं लहानपणी खरोखरचे बूट घालून खरोखरचा फुटबॉल खेळला होता. त्याला डावीकडे अगदी मागे ठेवला. साधा सभासद, त्यातून नवा.

“असं कुठं असतंय व्हय, साहेब?” तो माझ्या कानाशी लागला. “आमच्याकडं ज्याला पळता येतंय त्यो म्होरं.”

“इथे सिनिऑरिटीनं चालतं,” मी म्हणालो.

“ते बॉलला सांगितलंय का कुणी?”

बॉलला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी आमची खेळण्याची पद्धत अशी होती की बॉल जिकडे तिकडे सगळे. फक्त अध्यक्ष जाग्यावर. ते समोरच्या गोलाशी उभं राहून, रस्त्यात टॅक्सी थांबवावी तसा हात वर करून “इकडे! इकडे!” ओरडायचे. बॉल तिकडे कधी गेला नाही. आमचे पाच जण एका कोपऱ्यात बॉलभोवती रिंगण करायचे, केरळवाले त्यातून बॉल अलगद काढून रिकाम्या बाजूला द्यायचे, आणि खजिनदारांकडून एकेक सुटायला लागायचं.

तो व्हिडिओ एके दिवशी जेवताना माझ्या मुलीनं पाहिला. ती तेव्हा अकरावीत, शाळेच्या मुलींच्या टीममध्ये खेळणारी. मला वाटायचं, खेळते म्हणजे पळते. ती काय विचार करते हे मी कधी विचारलं नव्हतं.

“बाबा, हे काय आहे?” ती म्हणाली. “सगळे एकाच बॉलमागे? कुणी फ्री बिर्याणी वाटतंय का?”

“मग काय करायचं?”

तिनं वरणाचं पातेलं स्वतःकडे ओढलं. म्हणाली, हा आपला गोल. आमच्या तिघांच्या वाट्या आणि फडताळातल्या आणखी दोन तिनं पातेल्यासमोर ओळीनं मांडल्या. माझ्या वाटीत अर्धी आमटी होती. “तुम्हाला खेळता येत नाही ना, मग खेळूच नका. फक्त इथे उभे राहा. ते येतील, आपटतील, परत जातील.” मग लोणच्याची बरणी उचलून टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली.

“ही कोण?”

“अध्यक्षकाका. ते मागे येणार नाहीत. राहू दे तिथेच. डेकोरेशन.”

बायको हसली. मीही हसलो. पुढच्या बैठकीत मी खरंच प्रामाणिकपणे सुरुवात केली होती: “काल आमच्याकडे जेवताना एक विषय निघाला...” तेवढ्यात सचिवांनी विचारलं, “म्हणजे पाच जण मागे, असं म्हणताय तुम्ही?” मी मान हलवली. पाच जण मागे हे मी म्हणतच होतो. कुणाचं म्हणणं आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि वाक्याचा उरलेला भाग माझ्या तोंडातच राहिला. पुढे दोन हिवाळे राहिला.

त्या शुक्रवारी केरळवाल्यांशी आम्ही शून्य-शून्य बरोबरी केली. मंडळाच्या इतिहासात समोरच्या टीमच्या नावापुढे लागलेलं ते पहिलं शून्य. लोकांनी मैदानातच फोटो काढले. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “हा माणूस बोलत नाही, पण मेंदू आहे आपल्या टीमचा!”

मी काय म्हणायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

पण भिंत फार दिवस टिकत नाही. पुढच्या सामन्यात केरळवाले जवळ आलेच नाहीत, लांबूनच मारायला लागले. आमची भिंत गोलासमोर उभी, त्यामुळे खजिनदारांना बॉल आत गेल्यावर दिसायचा. मी व्हिडिओ घरी आणला. मुलीनं पाहिला, भात कालवता कालवता म्हणाली, “साहजिक आहे. तुम्ही मागे बसलात, म्हणून ते लांबून मारतात. आता पुढे जाऊन त्यांना मारूच द्यायचं नाही.”

“म्हणजे पळायचं?”

“हो, बाबा. फुटबॉल आहे ना तो.”

कार्यकारिणीला पळायला सांगणं सोपं नव्हतं. यावर तिनंच तोड काढली: नजम्यातल्या बॅचलर पोरांतली दोन पळणारी घ्यायची आणि ज्यांना काढायचं त्यांना सल्लागार करायचं. सांस्कृतिक प्रमुख आणि सहसचिव आनंदानं सल्लागार झाले. सल्लागाराला धाप लागत नाही. अध्यक्षांना मात्र हात लावायची कुणाची छाती नव्हती. ते पुढेच राहिले. मी त्यांना समजावलं की तुम्ही त्यांच्या गोलकीपरसमोर नुसते उभे राहिलात तरी मानसिक दबाव येतो. हे वाक्य मात्र माझं स्वतःचं.

मग केरळवाल्यांचा गोलकीपर पायानं छोटे-छोटे पास द्यायला लागला. आमच्या पळणाऱ्या पोरांचं मधल्या मध्ये पळून माकड व्हायचं. त्यावर तिनं सांगितलं, पळू नका, पासची वाट अडवून उभे राहा. मग त्यांनी वरून, डोक्यावरून लांब बॉल टाकायला सुरुवात केली. मग आम्ही एक माणूस मागे ठेवला. मग ते त्या एका माणसाच्या दोन्ही बाजूंनी यायला लागले. मुलगी म्हणायची, “प्रत्येक पद्धत आधीच्या पद्धतीला उत्तर असते, बाबा. आणि प्रत्येक उत्तरात कुठेतरी जागा मोकळी राहतेच. ती शोधायची.” हे मी बैठकीत असंच्या असं म्हणालो. टाळ्या पडल्या. घरी येऊन तिला सांगितलं, टाळ्या पडल्या. ती म्हणाली, “कूल.” टाळ्या कुणाला पडल्या हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बायकोनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पोळी वाढली.

दुसऱ्या वर्षी एक गोष्ट सगळ्यांनाच खटकायला लागली. आम्ही काही नवं केलं की केरळवाल्यांकडे त्याचं उत्तर तयार. एकदा तर पहिल्याच मिनिटाला तयार. अध्यक्षांना फितुरीचा वास आला. त्यांनी चौकशीसाठी उपसमिती नेमली. प्रमुख म्हणून मला नेमलं. आणि संशय कुणावर, तर कोल्हापूरकरावर, कारण त्याच्या खोलीतले दोघे केरळचे.

“साहेब, ती दोघं क्रिकेट बघत्यात,” तो बिचारा मला म्हणाला. “त्यांना हात जोडून सांगतो, फुटबॉल बघा, तर झोपत्यात. मी कुणाला सांगू?”

चौकशीप्रमुख म्हणून मी गंभीर चेहरा केला. काम मनापासून करायचं ठरवलं होतं.

आम्ही राहतो फरीज बिन ओमरानला. आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर केरळवाल्यांच्या टीमचा कोच राहतो. कोच म्हणजे इन्शुरन्सच्या ऑफिसात अकाउंट्स बघणारा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच अबोल गृहस्थ. लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही दोघंही वरच्या आकड्यांकडे बघायचो. त्याची मुलगी आणि माझी मुलगी एका वर्गात, एकाच शाळेच्या टीममध्ये. त्या संक्रांतीला तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन मी वर गेलो. दार उघडंच होतं. आत डायनिंग टेबलावर स्टीलचे पेले मांडलेले. सहा पेले एकीकडे, विशिष्ट अंतर सोडून. तो आमचा नवा डाव होता. बैठकीत मी अजून तो मांडलाही नव्हता. आणि लांब, एकटा, दुसऱ्या टोकाला एक भलामोठा पाण्याचा पितळी कूजा.

कूजा कोण हे मला विचारावं लागलं नाही.

कोच खुर्चीवर बसून पेल्यांकडे लक्ष देऊन बघत होता, परीक्षेच्या आदल्या दिवशीच्या मुलासारखा. त्याची मुलगी त्याला काहीतरी समजावत होती. सोफ्यावर माझी मुलगी पाय वर घेऊन बसली होती आणि मधूनच म्हणत होती, “नो नो, आमचे सेक्रेटरी अंकल इतके फास्ट नाहीत. त्यांना अजून मागे घे.”

मी ताट घेऊन उभा. कोचनं माझ्याकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून पेल्यांकडे पाहिलं.

“सर,” तो हळूच म्हणाला, “आपका भी... बेटी?”

मी मान हलवली.

मुली हसून हसून सोफ्यावरून खाली आल्या. दोन हिवाळे दोन मंडळं जिवाच्या आकांतानं ज्या डावपेचांवर भांडत होती, ते शाळेच्या बसमध्ये शेजारी-शेजारी बसून ठरत होते. एक डाव टाकायची, दुसरी उत्तर शोधायची, आणि ते खरंच चालतं का हे बघायला त्यांच्याकडे बहुतेक पन्नाशीतली चौदा माणसं होती.

खाली जाताना कोच मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. एक मजला मी पायऱ्यांनी गेलो असतो, पण त्याला बोलायचं होतं. “सर, एक रिक्वेस्ट. मेरे कमिटी को मालूम नहीं है.”

“मेरे को भी मालूम नहीं है,” मी म्हणालो. म्हणजे मला म्हणायचं होतं, माझ्या कमिटीलाही. तो समजला. लिफ्ट आली तशी गेली.

उपसमितीचा निष्कर्ष मी मांडला की टीममधला कुणीही फितूर नाही. कोल्हापूरकर सुटला. त्यानं मला इथला दाट, वेलचीचा करक चहा पाजला, “साहेब, तुम्ही हुता म्हणून,” असं म्हणाला, आणि तो चहा मी प्यायलो.

आता ते खोटं.

त्या हिवाळ्यात आम्ही आणि केरळवाले दोघेही फायनलला आलो. माझी मुलगी बारावीला होती, जूनमध्ये पुण्याला कॉलेजला जायची होती. एक दिवस ती म्हणाली, “बाबा, फायनलला मला लाइनवर उभं राहू दे ना.”

“कशाला?”

“तुझा व्हिडिओ बघून मी जे सांगते ते टीमपर्यंत पुढच्या शुक्रवारी पोचतं. तोपर्यंत ते शिळं झालेलं असतं. मॅच चालू असतानाच बदलायचं असतं. मला एकदा बघायचंय, मी बोलले आणि लगेच तसं झालं, असं. फक्त एकदा. नंतर मी इथे नसेन.”

“कमिटीला विचारतो,” मी म्हणालो.

दोन दिवस मी तोंड वाकडं करून फिरलो. मग तिला सांगितलं, “विचारलं गं. नको म्हणाले. पुरुषांची मॅच, मुलीनं मध्ये उभं राहणं त्यांना बरं वाटत नाही. कुठल्या काळातली माणसं आहेत, तू बघतेसच.”

मी कुणालाही विचारलं नव्हतं.

“ओके,” ती म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी जेवताना मी सहज वाटी पुढे सरकवली. तिनं ती परत माझ्या ताटात ठेवली. “बाबा, आय हॅव स्टडीज.” फायनलच्या आधी मी आणखी दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा स्टडीज.

मला वाटलं, निदान केरळवाल्यांचंही तसंच असेल तर बरं. तसंच होतं. लिफ्टमध्ये कोच भेटला. त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, “आपकी बेटी नहीं बोलेगी तो मेरी भी नहीं बोलेगी, ऐसा बोला. फ्रेंडशिप. अब मैं क्या करूँ?”

“आप को कुछ आता है?” मी विचारलं.

“मिडल में रहना चाहिए, इतना मालूम है.”

मला एवढंही माहीत नव्हतं. मी तेच घेतलं.

फायनलच्या सकाळी मैदानाच्या कडेला तंबू ठोकला होता. बायकांनी पोह्यांचे डबे उघडले होते, पलीकडे केरळवाल्यांच्या इडल्या. मी टीमला गोळा करून आयुष्यातला पहिला स्वतःचा डाव सांगितला: “सगळ्यांनी मधला भाग धरायचा.”

“मधला म्हंजे कुठला?” कोल्हापूरकरानं विचारलं.

“मधला म्हणजे मधला.”

सामना सुरू झाला. आमचे सगळे मध्ये गेले. तिकडून त्यांचेही सगळे मध्ये आले. मग जे झालं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मैदानाच्या मधोमध चौदापैकी अकरा-बारा माणसं एकमेकांना रेटत होती आणि बाकी सगळं मैदान उन्हात मोकळं पडलं होतं. बॉल आत कुठेतरी होता. ज्याच्या पायाला लागत होता त्यालाच कळत होतं. थोड्या वेळानं खजिनदार काय चाललंय बघायला गोल सोडून पुढे आले. त्यांचा गोलकीपरही आला. दोघं कडेला उभं राहून गर्दीकडे बघत गप्पा मारायला लागले. अध्यक्ष तेवढे जाग्यावर, हात वर. दोन हिवाळ्यांत जे जे शिकलो होतो ते सगळं पुसून गेलं होतं. पहिल्या दिवशी होतो तिथे आम्ही परत आलो होतो, आणि ह्या वेळी केरळवाल्यांनाही बरोबर आणलं होतं.

तंबूपाशी मैदानाच्या कडेच्या पायरीवर दोन मुली शेजारी-शेजारी बसून पोहे आणि इडली एकाच डिशमधून खात होत्या. माझी हसत नव्हती.

हाफ टाइमला शून्य-शून्य. घामानं निथळत अध्यक्ष माझ्यापुढे आले. “बोला, मेंदूसाहेब. आता काय करायचं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. गप्प बसायची मला पन्नास वर्षांची सवय. पण त्या सकाळी गप्प बसून कुणाच्याही डोक्यात हुशारी भरता येईना, सगळ्यांनी पहिला हाफ खेळलेला होता.

“मला काही माहीत नाही,” मी म्हणालो. “कधीच नव्हतं. आजवरचं सगळं माझ्या मुलीचं आहे. भिंत, ती पळणारी पोरं, सल्लागार करण्याची आयडिया, सगळं. आज तिनं सांगितलं नाही म्हणून हे असं झालं.”

 मग सांस्कृतिक प्रमुख म्हणाले, “म्हणजे मला बारावीच्या मुलीनं सल्लागार केलं?”

“तेव्हा अकरावी,” मी म्हणालो.

कोल्हापूरकर पोट धरून खालीच बसला. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला होता, पण तो उन्हानं आधीच होता. ते म्हणाले, “अहो, मग ती तिथे पोहे काय खातेय? इथे का नाही उभी?”

मी चपलेकडे पाहिलं.

“आम्हाला कधी विचारलंत का?” ते ओरडले. “एकदा तरी विचारलंत? कोण नाही म्हणणार होतं?”

पायरी काही फार लांब नव्हती. मुलगी उठून उभी राहिलेली मला दिसली. डिश मैत्रिणीच्या हातात दिली आणि सरळ माझ्याकडे बघत चालत आली. टीमसमोर मी कबूल केलं त्याचं मला काही वाटलं नव्हतं, उलट हलकं वाटलं होतं. पण ते चालणं मला अजून दिसतं.

सचिवांनी घसा खाकरला. “तसा रीतसर ठराव लागेल. लाइनवर उभं राहायचं म्हणजे पदाधिकारी हवा. सूचक कोण?”

“मी सूचक, मीच अनुमोदक,” कोल्हापूरकर म्हणाला. “यल्ला, चला साहेब, शिट्टी व्हायली!”

ती लाइनवर उभी राहिली. हातात काही नाही. माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, “अध्यक्षकाका, तुम्ही बाहेर या.”

 पोह्यांच्या डब्याचं झाकण कुणीतरी अर्धवट धरून ठेवलं.

“कोण, मी?”

“हो. तुम्ही नुसते उभे असता ना, म्हणून आम्ही कायम सहाच असतो. तुमच्या जागी नजम्यातला आणखी एक दादा येऊ दे. आणि हे काका पुढे,” तिनं कोल्हापूरकराकडे बोट केलं. “यांना दोन सीझन मागे का ठेवलंय, मला कळतच नाही.”

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. मग शांतपणे गुडघ्याचा पट्टा सोडला, कडेला आले आणि माझ्या शेजारी धपकन खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग माझ्याकडे झुकून, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “गुडघा दीड वर्ष गेलाय हो माझा. मला वाटत होतं, कुणीतरी म्हणेल, बसा. एकानं म्हणू नये? मी आपलं अध्यक्ष म्हणून उभा.”

पलीकडच्या लाइनवर केरळवाल्यांच्या कोचच्या शेजारी आता त्याची मुलगी उभी होती. त्यानं मला लांबून हात केला, सुटल्यासारखा.

दुसऱ्या हाफमध्ये काय झालं याचा माझ्याकडे व्हिडिओ नाही. मी काढलाच नाही. आमची मुलगी हात आडवा करायची, की आमची माणसं पांगायची. पलीकडची दोन बोटं दाखवायची, की त्यांची दोन माणसं कडेनं धावत यायची. ही ओरडायची, “काका, थांबा, येऊ दे त्यांना!” आणि खजिनदार चक्क थांबायचे. एक जागा बंद व्हायची, दुसरी उघडायची. जे आम्हाला दोन हिवाळे आठवड्या-आठवड्यानं कळत होतं ते क्षणाक्षणाला होत होतं. कोल्हापूरकरानं एक गोल असा मारला की त्यांच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांनी दोन मारले. आम्ही हरलो. ती मैदानात धावत गेली, पलीकडचीही आली, आणि दोघी मधोमध एकमेकींच्या गळ्यात पडून उड्या मारायला लागल्या. कोण जिंकलं हे त्यांच्याकडे बघून कळलं नसतं.

परतताना गाडीत मुलगी मागे बसली. बायको पुढे, डोळे मिटून. ती झोपलेली नव्हती. वक्र्याचा रस्ता संपत आला होता.

“तू त्यांना विचारलंच नव्हतंस,” मुलगी म्हणाली.

“नाही.”

“पण का? ते हो म्हणाले असते. अध्यक्षकाका तर लगेच हो म्हणाले.”

“म्हणूनच.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, कळलं नाही तिला. पण कळलं होतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “मला वाटलं, ते नको म्हणाले ते तुलाही बरंच वाटलं. मी तिथे उभी राहिले तर तुला ऑकवर्ड होईल. मी मुलगी आहे म्हणून. मला खूप वाईट वाटलं होतं, बाबा. मी दोन दिवस जेवताना तुझ्याशी बोलले नाही, तुला कळलंसुद्धा नाही.”

“कळलं होतं. मला वाटलं, स्टडीज.”

“बाबा!”

“नाही, कळलं होतं,” मी म्हणालो. “मला टाळ्या आवडायला लागल्या होत्या गं. दुसरं काही नाही. तू तिथे उभी राहिली असतीस तर त्या तुला पडल्या असत्या. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं तिथे. व्हिडिओ काढायचो मी.”

बोलताना मला वाटत होतं, कारण यापेक्षा काहीतरी मोठं असायला हवं होतं. तिला एवढं दुखवायचं तर निदान कारण तरी भारदस्त असावं. पण होतं ते एवढंच.

“दॅट इज सो सिली,” ती म्हणाली. आणि मग, “बरं झालं सिली आहे.”

बायकोनं डोळे न उघडता माझ्या मांडीवर एक चापटी मारली. ती कौतुकाची होती की दुसऱ्या कशाची, हे मी अजून विचारलेलं नाही.

आता ती पुण्याला असते. या हिवाळ्यात टीमचा कॅप्टन कोल्हापूरकर आहे, अध्यक्ष सल्लागार आहेत, आणि शुक्रवारी सकाळी ती व्हिडिओ कॉलवर लाइनवर असते. फोन मी धरतो. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर, पूर्ण मैदान दिसेल असा. स्टॅंड आणूया असं सचिव म्हणाले होते, मी नको म्हणालो. खांदा भरून येतो. हात जरा खाली आला की वरून आवाज येतो, “बाबा, मला गवत दिसतंय. वर धर!”

मी वर धरतो.